शर्यतीच्या तोंडावर पडसे

आदिलाबाद जिल्ह्यात पौष महिन्यात थंडीचा कडाका असतो. पहाटेचे तापमान काही वर्षी ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते व गावोगाव शेकोट्या पेटतात. याच सुमारास, जानेवारीत, मुंबईची मॅरेथॉन शर्यत येते. २००४ साली सुरू झालेल्या या शर्यतीचे पूर्ण अंतर ४२.१९५ कि.मी. आहे. पाच-सहा महिने पहाटे उठून सराव केलेल्या धावपटूला शर्यत दोन दिवसांवर आली असता शिंका सुरू झाल्या, तर त्याची निराशा समजण्यासारखी आहे. परंतु धावावे की न धावावे, हा निर्णय निराशेच्या भरात घ्यावयाचा नसतो.

पडसे थंडीमुळे होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते विषाणूंमुळे होते. त्यांत ऱ्हायनोव्हायरस हा प्रमुख होय. तथापि लोकसमजुतीतही थोडे तथ्य आहे. हा विषाणू शरीराच्या आतील उष्णतेपेक्षा नाकातील ३३ अंशांच्या आसपासच्या गारव्यात अधिक जोमाने वाढतो; शिवाय हिवाळ्यात माणसे दारे-खिडक्या लावून एकत्र बसतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः १ ते ३ दिवस जातात. आदिलाबादहून किनवट, नांदेड, मनमाड या मार्गाने मुंबईस जाणाऱ्या नंदीग्राम एक्सप्रेसच्या डब्यात रात्र काढलेल्या धावपटूला प्रवासातील संसर्ग ऐन शर्यतीच्या सकाळी जाणवू शकतो. जागरण हेही एक कारण आहे. ज्यांची रोजची झोप ७ तासांहून कमी होती, त्यांना पडसे होण्याचा संभव सुमारे तिप्पट असल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळून आले.

पडसे झालेच, तर वैद्यक एक सोपी कसोटी सांगते. लक्षणे मानेच्या वर, म्हणजे नाक वाहणे, शिंका व घशाची किंचित खवखव एवढीच असतील, तर बेताने धावण्यास सहसा हरकत नसते. अमेरिकेतील बॉल स्टेट विद्यापीठात १९९० नंतरच्या दशकात काही तरुणांना मुद्दाम पडशाचा संसर्ग करून त्यांची व्यायामक्षमता तपासण्यात आली; ती विशेष घटली नव्हती. अर्थात ती परीक्षा काही मिनिटांची होती, चार-पाच तासांच्या धावेची नव्हे.

ताप, अंगदुखी, छातीतील कफ, धाप किंवा विश्रांतीच्या वेळीही वाढलेली नाडी, यांपैकी काहीही असल्यास मात्र धावू नये. ताप असताना हृदयावर आधीच अधिक भार असतो. त्यात मुंबईच्या दमट हवेत घाम नीट वाळत नाही व शरीराची उष्णता वाढतच जाते. याहून गंभीर गोष्ट अशी, की काही विषाणू हृदयाच्या स्नायूंनाही दाह उत्पन्न करतात. हा प्रकार विरळा असला, तरी अशा अवस्थेतील अतिश्रमाने हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरविला, म्हणजे आजार गेला असे होत नाही. केवळ धोक्याची खूण झाकली जाते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या दीर्घ धावेत मूत्रपिंडास अपाय करू शकतात. प्रतिजैविकांचा विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या आंद्रेआ रादुकान या सोळा वर्षांच्या जिम्नॅस्टचे सुवर्णपदक अशाच गोळीपायी काढून घेण्यात आले. ती गोळी तिला संघाच्या डॉक्टरांनीच दिली होती! ठराविक प्रमाणापलीकडे हे द्रव्य २०१० पासून पुन्हा स्पर्धाकाळात निषिद्ध आहे.

साधे पडसे बहुधा ७ ते १० दिवसांत बरे होते. ताप येऊन गेला असल्यास तो पूर्णपणे उतरून विश्रांतीची नाडी पूर्ववत होईपर्यंत थांबावे, नंतर काही दिवस चालणे व हळू धावणे एवढेच ठेवावे. छातीत दुखल्यास किंवा धडधड झाल्यास हृदयाची तपासणी होईपर्यंत सराव बंद ठेवावा.