तापणाऱ्या लोखंडाचा हिशेब

ट्रान्सफॉर्मरमध्ये फिरणारा किंवा सरकणारा असा एकही भाग नसतो. तरीही चौकातली डीपी दिवसरात्र गुणगुणत असते आणि तिच्या टाकीतलं तेल गरम असतं. सगळं गाव झोपलेलं असलं, एक दिवा लागलेला नसला, तरी ती थोडी वीज खातच असते.

गुणगुणण्याचं कारण सोपं आहे. लोखंडात चुंबकत्व आलं की त्याची लांबी अगदी किंचित बदलते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते आणि प्रत्येक आवर्तनात चुंबकत्व दोनदा शिगेला पोचतं, म्हणून आतलं लोखंड सेकंदाला १०० वेळा थरथरतं. पण ते तापतं का, आणि किती तापणार हे यंत्र बांधण्याआधी कागदावर कसं काढायचं? याचं नीट उत्तर मिळायला फॅरेडेच्या शोधानंतर साठ वर्षं गेली.

मायकेल फॅरेडेने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जे यंत्र वापरलं, त्याला खरं तर जगातला पहिला ट्रान्सफॉर्मर म्हणायला हरकत नाही. सहा इंच व्यासाचं मऊ लोखंडाचं कडं, त्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेचे वेढे, आणि वेढ्यांमध्ये सुती कापड. तेव्हा आवरण चढवलेली तार आजच्यासारखी दुकानात मिळत नव्हती. एकेकाळी बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेल्या या माणसाने एका बाजूला बॅटरी जोडली आणि दुसऱ्या बाजूची सुई हलली. पण हलली ती जोडताना आणि तोडताना, तेवढ्या क्षणापुरतीच. दोन महिन्यांनी त्याने रॉयल सोसायटीच्या मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली आणि सलग प्रवाह मिळवला. जनरेटरचं तत्त्व हाती आलं होतं. त्यापुढचं यंत्र बांधण्यात फॅरेडेला फारसा रस नव्हता. ते काम त्याने कारागिरांवर सोडलं.

कारागिरांनी ते केलंही. पॅरिसमध्ये इपोलित पिक्सीने १८३२ मध्ये हाताने फिरवायचं जनरेटर बनवलं. १८६६ च्या अखेरीस बर्लिनमध्ये वेर्नर सीमेन्सने कायमचं चुंबक काढून टाकलं आणि यंत्राच्या स्वतःच्याच विजेवर त्याची चुंबकं पोसली. इंग्लंडमध्ये व्हीटस्टन आणि व्हार्ली त्याच सुमारास तिथेच पोचले होते. झेनोब ग्रामचं जनरेटर १८७१ मध्ये आलं. १८७३ च्या व्हिएन्नातल्या प्रदर्शनात ग्रामच्या एका यंत्राची वीज दुसऱ्याला दिली गेली आणि दुसरं यंत्र मोटर होऊन पंप ओढू लागलं. ही जोडणी एका कामगाराच्या चुकीने झाली अशी लोकप्रिय कथा आहे. कथा खरी असो वा नसो, जनरेटर आणि मोटर हे एकच यंत्र आहे हे तिथे हजारोंनी डोळ्यांनी पाहिलं.

हे सगळं अंदाजाने, हाताच्या सवयीने चाललं होतं. आर्मेचर, म्हणजे फिरणारा भाग, भरीव लोखंडाचा केला की तो भाजण्याइतका तापे. तांब्याची चकती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवली की ती तापते हे लिओं फूकोने १८५५ मध्येच दाखवलं होतं. बदलत्या चुंबकत्वामुळे धातूच्या अंगातच विजेचे भोवरे उठतात आणि ते धातूला आतून तापवतात. त्यावर उपाय असा की लोखंड भरीव घ्यायचंच नाही. पातळ पत्रे कापायचे आणि मधे कागद किंवा वार्निश घालून ते एकावर एक रचायचे, म्हणजे भोवऱ्यांना फिरायला जागाच राहत नाही. पत्रा निम्म्या जाडीचा केला की हा तोटा चौथ्या हिश्शावर येतो. आज कुठलीही मोटर उघडा, स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, कडेला साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यांच्या रेघा दिसतील.

एडिसनने १८७९ मध्ये मेन्लो पार्कला जनरेटर बनवलं तेव्हा त्याने आर्मेचरसाठी असेच पत्रे वापरले. पण त्याच्यावर टीका झाली ती वेगळ्याच कारणाने. बॅटरीतून जास्तीत जास्त शक्ती काढायची तर बाहेरचा रोध आतल्या रोधाएवढा हवा, आणि तेव्हा निम्मी वीज आतच जळते. हे गणित बरोबर आहे. त्यावरून अनेक जाणकारांनी ठरवून टाकलं होतं की ५० टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळणारच नाही. एडिसन आणि त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी आतला रोध मुद्दाम अगदी कमी ठेवला आणि ९० टक्क्यांच्या आसपासचा आकडा जाहीर केला. जाणकारांनी टर उडवली. त्यांची चूक गणितात नव्हती, प्रश्न ओळखण्यात होती. कमाल शक्ती आणि कमाल कार्यक्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत.

पण याच यंत्रात एडिसनने स्वतः एक चूक केली. जितकं लांब चुंबक तितकं जोरदार, अशा समजुतीने त्याने चुंबकांचे खांब इतके उंच केले की लोक त्या यंत्राला थट्टेने ‘लांब टांगांची मेरी-ॲन’ म्हणू लागले. ही चूक इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सनने निस्तरली. केंब्रिजचा हा पहिल्या क्रमांकाचा गणिती एडिसनच्या इंग्लिश कंपनीचा सल्लागार होता. वीज जशी तारेतून वाट काढते तसं चुंबकत्व लोखंडातून आणि मधल्या हवेच्या फटीतून वाट काढतं, आणि सर्वांत जास्त अडतं ते त्या फटीत, असा त्याने हिशेब मांडला. खांब आखूड आणि जाड केले, आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाच्या यंत्रातून दुपटीच्या आसपास वीज निघाली. १८८६ मध्ये त्याने भाऊ एडवर्डसोबत लिहिलेल्या निबंधामुळे जनरेटर बांधण्याआधी आखता येऊ लागलं. १८९८ मध्ये आल्प्समध्ये चढाई करताना हॉपकिन्सन आणि त्याची तीन मुलं एकाच अपघातात गेली. तो पन्नाशीही गाठू शकला नाही.

राहिला तापण्याचा दुसरा भाग. पत्रे कितीही पातळ केले तरी लोखंड थोडं तापतंच. तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिली की ती गरम होते. लोखंडातलं चुंबकत्व उलटसुलट करत राहिलं की तसंच काहीसं घडतं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तोक्योच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या जेम्स आल्फ्रेड यूइंग या स्कॉटिश प्राध्यापकाने हे चुंबकत्व मागे रेंगाळणं बारकाईने मोजलं आणि त्याला ‘हिस्टेरेसिस’ हे नाव दिलं. यूइंगकडे मापांचे तक्ते होते, पण कारखान्यातल्या माणसाला वापरता येईल असं सूत्र नव्हतं.

ते सूत्र शोधणारा चार्ल्स स्टाइनमेट्झ हा ब्रेस्लाऊचा विद्यार्थी. ठेंगणा, पाठीला जन्मजात कुबड, आणि समाजवादी चळवळीपायी पोलिसांना चुकवून पळालेला. १८८९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला तेव्हा त्याची तब्येत आणि रिकामा खिसा पाहून त्याला परत पाठवण्याचं चाललं होतं. सोबतच्या मित्राने रदबदली केली म्हणून तो आत आला. योंकर्समध्ये रुडॉल्फ आइकमायरच्या कारखान्यात त्याला नोकरी मिळाली. आइकमायर स्वतः १८४८ च्या जर्मन उठावानंतर पळून आलेला, त्यामुळे नव्या माणसाच्या पूर्वेतिहासाचा त्याला बाऊ वाटला नसावा. टोप्या बनवायची यंत्रं करणारा हा कारखाना तेव्हा विजेच्या मोटरीत शिरत होता.

स्टाइनमेट्झला एसी मोटर आखायची होती आणि लोखंडात किती वीज जाणार हे आधी काढायचं होतं. त्याने यूइंगचे छापील आकडे घेतले आणि त्यांतून नियम बाहेर काढला: चुंबकत्वाची घनता जितकी, तिच्या १.६ व्या घातात तोटा. म्हणजे घनता दुप्पट केली की तोटा तिपटीच्या आसपास जातो. मग त्याने स्वतः वेगवेगळ्या लोखंडांवर मापं घेतली आणि जानेवारी १८९२ मध्ये अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला. त्या १.६ च्या मागे कुठलंही सखोल तत्त्व नव्हतं. आकड्यांना बसेल तो घात त्याने घेतला होता, आणि आजच्या पोलादांना तो तंतोतंत बसतही नाही. पण आखणी करणाऱ्याला त्याच दिवसापासून तो उपयोगी पडला. पुढच्या वर्षभरातच जनरल इलेक्ट्रिकने आइकमायरचा कारखाना विकत घेतला, आणि त्यासोबत स्टाइनमेट्झही तिकडे गेला.

सूत्र हाती आल्यावर लोखंडच सुधारायची पाळी आली. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डच्या पोलादात थोडं सिलिकॉन मिसळलं की दोन्ही तोटे उतरतात, हे १९०० च्या सुमारास दिसलं. १९३४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन गॉसने पत्रा लाटताना त्याचे कण एका दिशेने बसवण्याची पद्धत काढली. ट्रान्सफॉर्मरचा आजचा पत्रा त्याच घराण्यातला आहे.

या पत्र्यांची सर्वांत जास्त हेळसांड होते ती रिवायंडिंगच्या दुकानात. पंपाची मोटर जळाली की स्टेटर काढून थेट आगीत धरतात, जुनं वार्निश जळतं आणि तांबं ओढून काढता येतं. पण त्याच आगीत पत्र्यांमधलं आवरणही जातं, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि फूकोचे भोवरे परत फिरू लागतात. नवं वाइंडिंग उत्तम असूनही मोटर आधीपेक्षा जास्त तापते आणि नुसती फिरतानाही जास्त वीज ओढते. म्हणून जाणते कारागीर तापमान आवरणारी भट्टी वापरतात, साध्या वार्निशच्या पत्र्यांना ३७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत, आणि तांबं काढण्याआधी व काढल्यानंतर लोखंडातला तोटा मोजून दोन्ही आकडे कार्डावर लिहून ठेवतात.