मेंढरांचे त्यात काय भले?

मुलगा बारावी झाला आणि म्हणाला, "मला सिनेमा शिकायचा आहे," की घरात क्षणभर शांतता पसरते. आई स्वयंपाकघरात निघून जाते. वडील चष्मा काढून विचारतात, "त्यात नोकरी लागते का?" हा प्रश्न विचारणाऱ्या आईबापांना आम्ही हसणार नाही. ज्या घरात पहिला पगार यायलाच पिढ्या गेल्या, त्या घराने हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी? पण हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे एका आदिवासी आजोबांनीही विचारला होता. ती हकीकत आमच्या वाचक बंधु-भगिनींनी ऐकण्यासारखी आहे.

१९६६ सालचा उन्हाळा. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पाइन स्प्रिंग्ज नावाची नवाहो आदिवासींची वस्ती आहे. सोल वर्थ आणि जॉन अडेर हे दोन संशोधक तेथे कॅमेरे घेऊन पोहोचले. ज्यांनी कधी कॅमेरा हाती धरला नाही अशा काही तरुण मंडळींना तो चालवायला शिकवायचे, रीळ कापायला-जोडायला शिकवायचे आणि मग ही माणसे स्वतःहून काय टिपतात ते पाहायचे, असा त्यांचा बेत होता. वस्तीत मान असलेल्या एका वृद्धाची संमती घ्यायला ते गेले. आजोबांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, या सिनेमामुळे मेंढरांना काही अपाय होईल का? उत्तर आले, नाही. मग मेंढरांचे काही भले होईल का? उत्तर आले, तसेही नाही. मग हा सिनेमा काढायचाच कशाला, असे आजोबांनी विचारले.

नवाहो माणसाचे घर मेंढरांवर चाले. लोकर, घोंगडी, मटण, सारे त्यातच. म्हणजे आजोबांचा प्रश्न आपल्याकडच्या वडिलांचाच होता. पोटाचे काय?

सिनेमे मात्र निघाले. एका मुलीने आपल्या आईच्या विणकामावर चित्रपट केला. आपल्याला वाटेल, त्यात माग दिसेल, बोटे दिसतील, तयार घोंगडी दिसेल. माग आहे, पण त्याच्या आधी कितीतरी वेळ लोकर कातरणे, धुण्यासाठी मुळ्या खणून आणणे, रंगासाठी झाडपाला शोधणे आणि चालणे, नुसते चालणे. बाहेरच्या प्रेक्षकांना ते लांबलेले वाटले. पण ज्या बाईने आयुष्यभर ते केले, तिच्या लेखी विणकाम म्हणजे हे सारेच असणार. घोंगडी विकत घेणाऱ्याला ती चाल कधी दिसत नाही. आम्हाला विचाराल तर त्या उन्हाळ्याची खरी कमाई हीच. बाकी, संशोधकांना जे पुस्तक लिहायचे होते ते १९७२ साली निघाले. शिकवण्यामागचे कुतूहल त्यांचे होते, वस्तीची मागणी नव्हती, हे विसरून चालणार नाही.

मागणी झाली ती लॉस एंजेलिस शहरात, आणि ती कृष्णवर्णीयांनी केली. तेथील वॉट्स या वस्तीत ऑगस्ट १९६५ मध्ये पोलिसी जुलमाविरुद्ध उद्रेक झाला. ३४ माणसे मेली. सिनेमाची राजधानी हॉलीवूड त्याच शहरात, पण वॉट्समधल्या माणसाचे घर, त्याची बायको, त्याचा थकवा पडद्यावर कुठेच नव्हता. पडद्यावरचा काळा माणूस म्हणजे नोकर, नाही तर गुन्हेगार. शहरातील विद्यापीठाच्या, म्हणजे यूसीएलएच्या, चित्रपट विभागातही गोऱ्या मुलांचाच भरणा होता. विद्यार्थ्यांच्या रेट्यामुळे १९६८ नंतर तेथे कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाच्या, आशियाई आणि आदिवासी मुलामुलींना प्रवेश देणारा खास उपक्रम सुरू झाला. त्यामागे एलिसिओ टेलर हे कृष्णवर्णीय प्राध्यापक उभे होते.

तेथील शिकवण्याची एक पद्धत आम्हाला फार आवडली. नव्या विद्यार्थ्याने आधी वर्षभर पुस्तके पाठ करायची, असे नव्हते. आल्या आल्या त्याने एक छोटा चित्रपट स्वतःच लिहायचा, स्वतःच टिपायचा, स्वतःच जोडायचा. त्याला 'प्रोजेक्ट वन' म्हणत. चित्रपट बिघडला तरी चालेल, पण भीती जायला हवी. आपल्याकडे नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपटही अहमदनगरच्या महाविद्यालयात शिकताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झाला आणि पुढे त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वर्गातला गृहपाठ कुठवर जाऊ शकतो, ते यावरून दिसावे.

यूसीएलएतून निघालेल्यांत चार्ल्स बर्नेट हे नाव मोठे. जन्म मिसिसिपीतला, वाढले वॉट्समध्ये. आधी त्यांनी वीजतंत्री होण्याचे शिक्षण घेतले होते. (नोकरीची चिंता तिकडेही होती!) पदवीसाठी त्यांनी काढलेला चित्रपट म्हणजे 'किलर ऑफ शीप'. योगायोग पाहा, येथेही मेंढरेच. नायक स्टॅन कत्तलखान्यात मेंढरे कापण्याच्या कामावर आहे. घरी येतो तो इतका थकून की बायकोशी बोलायलाही त्याच्यात त्राण उरत नाही.

त्यातला एक प्रसंग आम्ही विसरू शकत नाही. स्टॅन आणि त्याचा मित्र गाडीचे एक जुने इंजिन विकत घेतात. पगारातले पैसे मोजून. ते धूड दोघे मिळून जिन्यावरून कसेबसे खाली आणतात, बोटे चेंगरतात, आणि टेम्पोसारख्या छोट्या मालगाडीच्या अगदी कडेला ठेवतात. आणखी आत ढकलायची ताकद उरलेली नसते. रस्ता चढाचा. गाडी सुरू होते आणि इंजिन मागे घरंगळून रस्त्यावर आपटते, फुटते. दोघे खाली उतरून बघतात आणि ते तिथेच टाकून निघून जातात. कोणी रडत नाही, मागे संगीत वाजत नाही. असा प्रसंग लिहायला त्या जिन्यावर कधीतरी स्वतः ओझे उचललेले असावे लागते.

या चित्रपटाचा खर्च १० हजार डॉलरच्या आत होता. काम मुख्यतः शनिवार-रविवारी चाले. वस्तीतलीच माणसे त्यात अभिनय करीत, आणि वस्तीतल्याच पोरांना बर्नेट कामाला लावीत. सिनेमा ही काही जादू नाही, हे त्या पोरांनी हाताने करून पाहावे, असा त्यांचा हेतू होता. म्हणजे शिकणारा विद्यार्थी त्याच वेळी शिकवीतही होता.

आता यातली दुखरी बाजू. बर्नेट यांनी चित्रपटात पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन यांची गाणी घातली. आपल्याच लोकांची गाणी, आपल्याच लोकांच्या चित्रपटात. पण त्यांचे हक्क घेतलेले नव्हते. घेणार कशाने? १९७७ साली पुऱ्या झालेल्या या चित्रपटाला १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत मानाचे स्थान मिळाले, तरी तो व्यावसायिक पडद्यावर येऊ शकला नाही. २००७ मध्ये आला, ३० वर्षांनी. गाण्यांच्या हक्कांसाठी दीड लाख डॉलर मोजावे लागले. म्हणजे चित्रपटाच्या खर्चाच्या पंधरापट! कॅमेरा शिकवला, संकलन शिकवले, पण हक्क, करार, वितरण हे शिकून घेतल्यावाचून चित्रपट डब्यातच राहतो. आपल्या मुलांना जे कोणी सिनेमा शिकवत असतील, त्यांनी करारनामा वाचायलाही शिकवावे, ही आमची कळकळीची सूचना.

त्याच वर्गातले हैले गेरिमा हे मूळचे इथिओपियाचे. त्यांच्या 'बुश ममा' चित्रपटाच्या आरंभी पोलीस काही कृष्णवर्णीयांना अडवून झडती घेताना दिसतात. तो अभिनय नाही. गेरिमा यांच्याच मंडळींना चित्रीकरण करताना लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी अडवले, आणि ते टिपले गेले. काळ्या माणसाच्या हातात कॅमेरा दिसला तरी संशय! पुढे १९७५ पासून गेरिमा यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवले. गुलामगिरीवरचा त्यांचा 'संकोफा' १९९३ साली आला तेव्हा वितरक मिळेनात. त्यांनी शहरोशहरी चित्रपटगृहे भाड्याने घेऊन तो दाखवला, आणि लोकांनी गर्दी केली. त्याच नावाने त्यांनी हॉवर्डसमोर पुस्तकांचे व चित्रफितींचे दुकानही थाटले.

बेन कॉल्डवेल यांची वाट आणखी वेगळी. हेही यूसीएलएचे, व्हिएतनाम युद्धातून परतलेले. लॉस एंजेलिसच्या लेमर्ट पार्क या कृष्णवर्णीय वस्तीत १९८४ साली त्यांनी केऑस नेटवर्क नावाचे केंद्र उघडले. कॅमेरा, ध्वनी, पुढे संगणक, जे तंत्र नवे येईल ते वस्तीतल्या पोरांच्या हाती द्यायचे. १९९० च्या दशकात तेथेच रॅप गाणाऱ्या तरुणांचा अड्डा जमला आणि त्यातून नामवंत गायक निघाले. सिनेमा शिकायला आलेला पोरगा गाणे घेऊन गेला तर बिघडले कुठे?

आता उत्तरेला, कॅनडात जाऊ. तेथील राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९६८ साली आदिवासी तरुणांचे एक पथक घेऊन त्यांना चित्रपटाचे शिक्षण दिले. त्या पथकातल्या विली डन यांनी जुनी छायाचित्रे आणि स्वतःचे गाणे एवढ्यावर दहा मिनिटांचा 'द बॅलड ऑफ क्रोफूट' केला. आदिवासीने दिग्दर्शित केलेला मंडळाचा तो पहिला चित्रपट मानतात.

त्याच पथकात मोहॉक जमातीचे माइक मिचेल होते. त्यांच्या अक्वेसास्ने गावाची भूमी कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांच्या सीमेने चिरली आहे. सीमेपार ये-जा करताना आपल्या मालावर जकात बसणार नाही, हा आपला हक्क १७९४ च्या तहाने मान्य झालेला आहे, असे मोहॉकांचे म्हणणे. सरकार तरी जकात घेई. तेव्हा डिसेंबर १९६८ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, मोहॉकांनी नदीवरचा पूल अडवला. मिचेल यांच्या सांगण्यावरून मंडळाचे कॅमेरे तेथे पोहोचले. धक्काबुक्की, अटका, बायाबापड्यांचे संतप्त बोल, सारे रिळावर आले. 'यू आर ऑन इंडियन लँड' हा तो १९६९ चा माहितीपट. आंदोलनाचे नेते मिचेल, चित्रपटामागची बुद्धी आणि आवाज मिचेल यांचा, पण दिग्दर्शक म्हणून नाव लागले ते मंडळाच्या मॉर्ट रॅन्सन या गोऱ्या दिग्दर्शकाचे. पुढे रॅन्सन यांनीच सांगितले की हे श्रेय मिचेल यांचे आहे. २०१७ मध्ये मंडळाने नाव बदलले. ४८ वर्षे गेली. मिचेल तोवर आपल्या लोकांचे प्रमुखही होऊन गेले होते. रॅन्सन यांचा प्रामाणिकपणा आम्ही मान्य करतो. पण शिकवणाऱ्याचे नाव आधी आणि शिकणाऱ्याचे मागाहून, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

क्युबेक प्रांतातल्या आदिवासी वस्त्या शहरांपासून फार दूर, जंगलात आहेत. तेथील तरुणांत निराशा इतकी की आत्महत्या हे रोजचे दुःख. माहितीपट काढणाऱ्या मॅनन बार्बो या बाई वेमोटासी येथील अटिकामेक जमातीच्या तरुणांबरोबर एका पटकथेवर काम करीत होत्या. त्यांत वापिकोनी अवाशीश ही हुशार, पुढाकार घेणारी मुलगी होती. २००२ साली लाकडे वाहणाऱ्या ट्रकशी तिच्या गाडीची टक्कर झाली आणि विसाव्या वर्षी ती गेली. २००४ साली आदिवासी संघटनांबरोबर बार्बो यांनी जो फिरता चित्रपट-वर्ग सुरू केला, त्याला तिचेच नाव दिले. वापिकोनी मोबिल.

घरासारखी मोठी गाडी. आत कॅमेरे, ध्वनिमुद्रणाची जागा, संकलनाचे यंत्र. गाडी एका वस्तीत जाते आणि सुमारे महिनाभर मुक्काम ठोकते. शिकवणारे येतात, पण विषय पोरांनी निवडायचा. कुणी आजीवर करते, कुणी दारूवर, कुणी हरवलेल्या भाषेवर. आजवर हजाराहून अधिक लघुचित्रपट झाले, त्यांतले कित्येक परदेशी महोत्सवांत गेले. अल्गोंक्विन जमातीचा रॅप गायक सॅमियन येथूनच पुढे आला. २०११ मध्ये केंद्र सरकारने अनुदानाचा मोठा भाग एकाएकी काढून घेतला. काम आखडले, बंद पडले नाही.

मुक्काम संपला की गाडी निघण्याआधी गावकऱ्यांना बोलावतात. शहरात, महोत्सवात चित्रपट मागाहून जातो. पहिला खेळ वस्तीतच होतो, पोरांच्या आईबापांसमोर, आजीआजोबांसमोर.