आधी धार, मग ताकद : उतारवयात सरपणासाठी चेनसॉ

मरोळ एमआयडीसीत किंवा अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या कारखान्यांत फिटर, टर्नर, मशिनिस्ट म्हणून उमेदीची वर्षं घालवलेले अनेक चाकरमानी निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावी काढतात. घराची डागडुजी होते, कलमांकडे लक्ष जातं, आणि मे महिना आला की पावसाळ्याच्या लाकूडफाट्याची बेगमी करावी लागते. स्वयंपाकाला गॅस आला तरी आंघोळीचं पाणी अनेक घरांत अजून लाकडावरच तापतं. लाकडाचीही वाण नसते. काजूच्या वाळलेल्या फांद्या असतात, बांधावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ असते. जून २०२० मधल्या ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधल्या ‘तौक्ते’ वादळांनी तर कोकणच्या बागांत आडवी झाडं अमाप टाकली. साठी उलटलेल्या खांद्यांना कुऱ्हाड आणि करवत झेपत नाही, म्हणून चेनसॉ घ्यायचं ठरतं. मग मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात नजर जाते ती ५८ सीसी इंजिनाच्या, २२ इंची गाईड बारच्या यंत्राकडे. अंगातली ताकद कमी झाली, तेव्हा ती यंत्रातून भरून काढावी, असा त्यामागचा विचार असतो. तो विचारच मला चुकीचा वाटतो. उतारवयात भरवसा ठेवायचा तो छोट्या यंत्रावर, धारदार चेनवर आणि नेमक्या जुळणीवर. मोठ्या इंजिनाला सांभाळायलाही ताकदच लागते, आणि ती आपल्याच अंगातून द्यावी लागते.

या यंत्राचा इतिहासही हेच सांगतो. जर्मनीतल्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरचा चेनसॉ बनवला. त्याचं वजन ६४ किलो होतं आणि तो उचलायला दोन माणसं लागत. एका माणसाला चालवता येईल असं त्यांच्या कंपनीचं पेट्रोल यंत्र १९५० मध्ये आलं, तेही सुमारे १६ किलोचं. वजन घटत आलं हा प्रगतीचा एक भाग. दुसरा, माझ्या मते जास्त मोलाचा भाग चेनमध्ये घडला. अमेरिकेतल्या ओरेगनमधले लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी १९४६ च्या सुमारास लाकूड पोखरणारी एक अळी निरखली. तिचे वाकडे जबडे डावीकडून उजवीकडे फिरत लाकूड कुरतडत होते. त्या रचनेवरून त्यांनी डावा-उजवा असे आलटून पालटून येणारे दात असलेली चेन तयार केली आणि १९४७ मध्ये ती विकायला सुरुवात केली. आजची बहुतेक प्रत्येक चेन त्याच वंशातली आहे. इंजिनाचं काम ही चेन फिरवण्याचं. लाकूड कापतो तो दात, आणि दात बोथट असेल तर कितीही सीसी वाढवून उपयोग नाही.

निवड करताना आधी काम मोजावं. सरपणाचा ओंडका बहुधा आठ-दहा इंच जाडीचा असतो. त्याला १४ इंची बार पुरतो आणि तो बार ओढायला ३० ते ३५ सीसीचं इंजिन पुरतं. असं यंत्र बार आणि चेन सोडून साधारण ४ किलोचं भरतं. ५८ सीसीचं यंत्र त्याहून किलो-दीड किलोनं जड असतं, आणि लांब बारमुळे भार पुढे झुकतो. हा जास्तीचा भार मनगट आणि कंबर प्रत्येक कापाला पेलतात. लांब बारचा दुसरा धोका त्याच्या टोकाशी आहे. टोकाचा वरचा भाग कशावर आदळला की बार क्षणात उसळून माणसाच्या अंगावर येतो. लाकडांच्या ढिगात काम करताना हे दूरचं टोक पलीकडच्या ओंडक्याला कधी लागलं ते कळतही नाही. १९७० च्या दशकापासून रूढ झालेला चेन-ब्रेक अशा वेळी मोठा आधार असतो, पण वयानुसार मंदावलेल्या हातांनी सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नये. लांब बार असला की वाकावं लागत नाही, असं म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. पण त्यावरचा खरा उपाय म्हणजे ओंडका कमरेच्या उंचीला आणणारी लाकडी घोडी. ती गावचा सुतार सहज करून देतो.

पेट्रोलच हवं, हाही आग्रह तपासून पाहावा. फांद्या खळ्यात आणून तुकडे करायचे असतील तर सुमारे २,००० वॅटचा विजेवरचा चेनसॉ सगळ्यांत सोयीचा. पॉवर सॉकेट, चांगली जाड वायर आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच एवढं असलं की पुरे. दोरीचे झटके मारायचे नाहीत, धूर नाही, बटण सोडलं की आवाज बंद. दुखऱ्या खांद्याला दोरी ओढणं हे कापण्याइतकंच जड जातं, हे दुकानात लक्षात येत नाही. ओल्या लाकडावर आणि पावसात मात्र तो वापरू नये. बॅटरीचं यंत्र वायरीतून सोडवतं, पण जास्तीची बॅटरी महाग पडते. घरापासून लांबच्या बागेसाठी छोटं पेट्रोल यंत्र योग्यच.

शरीराच्या बाजूनेही पुरावा आहे. चेनसॉच्या कंपनांनी बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं पांढरी, बधिर पडतात, हा विकार जंगल कामगारांमध्ये चांगलाच अभ्यासला गेला आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात हातांवरच्या कंपनांसाठी आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति वर्गसेकंद ही सावधगिरीची आणि ५ ही कमाल मर्यादा ठरवली आहे. मधुमेहाने आधीच नसा दुबळ्या झालेल्या हातांनी त्याहून जपून राहावं. पेट्रोल यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांवर संरक्षक हवाच. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर छोटी जखमही मोठी ठरते. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावू नका, असं उत्पादकांच्या पुस्तिकाच सांगतात. मोठं यंत्र काम लवकर संपवतं, म्हणजे त्रासही कमी वेळ, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण सरपणाच्या कामात वेळ जातो तो लाकूड ओढण्यात, रचण्यात आणि उचलण्यात. प्रत्यक्ष कापण्यात वाचलेले सेकंद तिथेच विरून जातात.

आता जुळणी. बहुतेक लोक थेट कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे वळतात. तो क्रम उलटा आहे. आधी कापलेलं लाकूड पाहावं. जाड ढलपे पडत असतील तर धार ठीक, पिठासारखा भुसा पडू लागला की चेन बोथट झाली. छोट्या यंत्राच्या चेनला बहुधा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. साधारण ३० अंशांचा कोन धरून प्रत्येक दातावर सारख्या घासण्या द्याव्यात, नाहीतर काप एका अंगाला वळत जातो. दातापुढचा छोटा उंचवटा दात किती खोल शिरेल ते ठरवतो. तो दातापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली असावा. जास्त घासला तर यंत्र हिसके देतं. आयुष्यभर कानस चालवलेल्या फिटरला हे शिकवावं लागत नाही, आणि त्याचं हे कौशल्य साठीनंतरही हातात शाबूत असतं. चेनचा ताण यंत्र थंड असताना तपासावा. चेन बारच्या खालच्या कडेला चिकटलेली हवी, तरी हातमोजा घालून ओढली की सहज सरकली पाहिजे. नवी चेन लवकर सैल होते. बारच्या टोकासमोर फिक्या रंगाची फळी धरून यंत्र चालवल्यावर तिच्यावर तेलाचे शिंतोडे दिसले, तर तेल नीट पोचतं आहे.

यानंतर इंधन. पुस्तिकेत ५०:१ प्रमाण दिलं असेल तर एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोकणात ओलाव्याला तोटा नाही. म्हणून मिश्रण थोडंच करावं, आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. एअर फिल्टर साफ करून झाल्यावरच कार्ब्युरेटर. आयडलिंगला चेन अजिबात फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडल स्क्रू कमी करावा. जास्त वेगाच्या स्क्रूने पेट्रोल फार कमी केलं की इंजिन जोरदार वाटतं, पण तापून पिस्टन जाम होतो. लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटलवर थोडा अडखळता, आणि लाकडात शिरताच स्वच्छ होणारा आवाज ही योग्य खूण. तो आवाज ओळखता येत नसेल तर हे काम मेकॅनिककडेच द्यावं.

एवढी यातायात कशाला, गावात मशीनवाला मिळतो की, ही शेवटची हरकत. उभं झाड, दुसऱ्या झाडात अडकलेलं खोड, वादळात वाकून ताणलेली फांदी यांसाठी त्यालाच बोलवावं. ताणलेलं लाकूड कापताच कुठे उसळेल ते अनुभवी माणसालाच कळतं. कायद्याचंही भान हवं. अंधेरीच्या सोसायटीतलं झाड १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याखाली येतं. फांद्या छाटायच्या तरी आधी वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागाकडे जावं लागतं. गावात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ आहेत, आणि ती आपल्या जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. पण आडवं, मोकळं, मनगटापासून मांडीपर्यंत जाडीचं लाकूड कापणं हे काम निवृत्त माणसाने स्वतः का करू नये? अट एवढीच, की हाकेच्या अंतरावर कोणीतरी असावं, शिडीवर चढू नये आणि यंत्र खांद्याच्या वर नेऊ नये. मोठं यंत्र न घेतल्याने वाचलेले पैसे हेल्मेट, पायांचं संरक्षक कवच, जास्तीची चेन आणि दोन चांगल्या कानशी यांत घालावेत. उतारवयात घरचं सरपण आपल्या हातांनी करता येणं ही स्वावलंबनाची मोठी गोष्ट आहे. ती टिकवायची असेल तर दुकानात पहिला प्रश्न किती सीसी हा नको. हे यंत्र आपण अर्धा तास न थकता धरू शकतो का आणि त्याची चेन स्वतः घासू शकतो का, हे आधी पाहावं.