फुल्यांचा रकाना

आमच्या संस्थेची पहिली नोंदवही अजून माझ्या कपाटात आहे. २०१३ साली बाजारपेठेतून घेतलेली, लाल कापडी पुठ्ठ्याची, वाण्याच्या खतावणीसारखी. रकाने चारच आखले होते: तारीख, ठिकाण, काय झालंय, काय केलं. वर्षाच्या आत कडेला पाचवा रकाना ओढावा लागला. त्याला मथळा नाही. फोन आला आणि आपण गेलो नाही, की तिथे फुली. २०१४च्या पावसाळ्यात फुल्या केलेल्या कामापेक्षा जास्त झाल्या. त्यानंतर त्या कधी कमी झाल्याच नाहीत.

आम्ही पाच जण होतो. एक शाळामास्तर, एक मेडिकलवाले, कॉलेजची दोन पोरं आणि मी. मेडिकलच्या मागच्या पडवीत सहा पिंजरे आणि जन्मभर गायी-म्हशींत वावरलेले एक डॉक्टर, जे संध्याकाळी येऊन कुत्र्यांचं काम बघायचे. या भांडवलावर तालुक्याच्या गावातली मोकाट कुत्री आपण सांभाळू असं आम्हाला खरोखर वाटत होतं.

फोनवरचं वाक्य बारा वर्षं तेच आहे. "ताई, आमच्या दारात कुत्रं पडलंय, घेऊन जा." काय करू, पाणी देऊ का, कुठे आणू, असं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नेऊन ठेवायचं कुठे, हा प्रश्न मात्र आमचा. गाडीखाली येऊन पाय मोडलेलं कुत्रं आलं की दीड महिना एक पिंजरा अडतो. नसबंदीची कुत्री चार-पाच दिवसांत मोकळी होते. म्हणजे एक मोडका पाय म्हणजे नऊ-दहा नसबंद्या बुडाल्या. हा हिशेब आम्हाला पहिल्या वर्षीच कळला होता, पण लंगडत समोर आलेल्या जनावराला हिशेब सांगणार कोण?

त्यात पैशांचं गणित उलटं. मोडक्या पायाच्या पिल्लाचा फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत औषधाचे पैसे जमतात. टाके घातलेली, गुंगीत झोपलेली कुत्री दाखवली, तर पन्नास रुपयेही कोणी देत नाही. जी पिल्लं जन्मालाच आली नाहीत, त्यांचा फोटो काढायचा कसा? देणगीदारांच्या नावाने मी पुष्कळ चरफडले आहे. पण खरं सांगायचं तर हळूहळू आम्हीही फोटो निघेल अशाच केसमागे जास्त धावू लागलो होतो.

काळीची गोष्ट २०१६ची. एसटी स्टँडवरची, कँटीनच्या पावावर वाढलेली, दीडेक वर्षांची कुत्री. कुत्र्यांत एक गाठ असते, समागमातून एकाची दुसऱ्याला लागणारी; तिला तीच झाली होती. मागून रक्त ठिबकत राहतं, लोक हाड्-हुड् करतात. तशी दिसायला भयंकर, पण सहसा बरी होणारी. विन्क्रिस्टीनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, असे चार ते सहा आठवडे. इंजेक्शन शिरेत जायला हवं. बाहेर सांडलं तर कातडी झडते. माणसांच्या कॅन्सरचंच औषध ते, आणि फार महागही नाही. कागदावर सोपी केस. एक पिंजरा रिकामा असता तर खरोखर सोपीच होती. पण सहाही भरलेले, म्हणून ठरलं, दर रविवारी स्टँडवरच टोचायचं.

पहिल्या रविवारी ती पार्ले-जीच्या पुड्यावर आली. मास्तरांनी मान धरली, तोंडाला बँडेजचा फास, डॉक्टरांनी पुढच्या पायाची शीर शोधली, पाच मिनिटांत काम झालं. दुसऱ्या रविवारी पुडा लांबूनच हुंगला, तरी सापडली. तिसऱ्या रविवारी माझी स्कूटी स्टँडच्या कमानीत वळली आणि काळी उभ्या बसखाली शिरली. एका बाजूने मास्तर वाकले की दुसऱ्या बाजूने बाहेर, तिथून पुढच्या बसखाली. दोन तास. प्रवासी बाकावर बसून मजा बघताहेत, एक म्हातारा ओरडून ओरडून आम्हाला दिशा सांगतोय. अखेर एका कंडक्टरने रिकाम्या गाडीचं दार उघडून तिला आत हाकललं आणि शेवटच्या सीटखाली आम्ही ती धरली. धरताना मला चावली. ०, ३, ७, १४, २८ अशा दिवसांच्या पाच सुया मी दंडात घेतल्या, आणि पुढचे कित्येक दिवस शेजारपाजारचे पोटातल्या चौदा इंजेक्शनांबद्दल विचारत राहिले. चौथ्या वेळेपासून गाडी न नेता चालत गेलो. गाठ गेली. मग नसबंदी, कानाला खूण, आणि परत स्टँड. एका कुत्रीपायी पाच माणसांचे सहा रविवार. त्या रविवारच्या फुल्या मी नंतर मोजल्या नाहीत.

२०१८च्या दिवाळीत घर आवरताना वही उलगडून बसले आणि गावाचा नकाशा घेऊन नसबंदीच्या ठिपक्यांवर पेन्सिल ठेवत गेले. ठिपके गावभर सांडलेले. या आळीत एक, त्या कॉलनीत दोन. फोन येईल तिथे धावलो होतो ना! कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्लं. आळीतल्या चार माद्यांपैकी एकीचं ऑपरेशन केलं, तर उरलेल्या तिघी वर्षभरात तिची उणीव भरून काढतात. एकेक वस्ती निवडून तिथल्या बहुतेक सगळ्या माद्या एका हंगामात उरकल्या असत्या, तर काही दिसलं असतं. पाच वर्षांत आम्ही बऱ्याच कुत्र्यांचं भलं केलं. गावातल्या कुत्र्यांच्या संख्येला मात्र आम्ही शिवलोसुद्धा नव्हतो.

हे काम मोठ्या यंत्रणेचं, आणि यंत्रणा उभी राहिली की होतं, हे गोव्याने दाखवलं. मिशन रेबीज ही संस्था तिथे गेल्या दशकात सरकारच्या साथीने उतरली. जाळ्या घेतलेली पथकं गावंच्या गावं पालथी घालत वर्षाला लाखाच्या घरात कुत्र्यांना लस देत राहिली. २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं, तेव्हा तीन वर्षांत तिथे रेबीजने माणूस दगावलेला नव्हता. मुंबईने कुत्री मारणं सोडून नसबंदी धरली ती १९९४ मध्ये; वीस वर्षांनी, २०१४च्या गणनेत तरीही ९५,१७२ भटकी कुत्री भरली. महापालिका आणि जुन्या जाणत्या संस्था असूनही एवढी. आमची पडवी त्यात कुठे बसते?

कायद्याने ही जबाबदारी २००१च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांपासूनच स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. आमच्या नगरपालिकेत दरवर्षी अर्ज दिला. दरवर्षी साहेब बदललेले असत, आणि नवे साहेब चहा पाजून म्हणत, "तुमचं एनजीओ आहे ना, मग?" २०२३च्या नव्या नियमांत प्राणी कल्याण मंडळाची मान्यता, रीतसर ऑपरेशन थिएटर, सीसीटीव्ही हे सगळं आलं. नियम चुकीचे नाहीत. पडवीतल्या टेबलावरच्या शस्त्रक्रियांत काय काय होऊ शकतं ते मी पाहिलंय. पण ते वाचून आम्ही नसबंदी थांबवली आणि दुसरं कोणी ती सुरू केली नाही. त्याआधी लॉकडाऊनमध्ये, हॉटेलं-टपऱ्या बंद असताना, कोंबडीचे पाय घालून पातेलंभर भात रोज वाटला. त्या काळात ऑपरेशनं बंद होती, आणि २०२१ साली गल्लोगल्ली पिल्लं.

आता पाचांतले तिघे उरलोय. लूत, किडे पडलेल्या जखमा, गोचीड, एवढंच घेतो. फोनवर 'नाही' म्हणायला मी शिकले. स्पष्ट म्हणते, मागाहून कोणाचा नंबर देते, वहीत फुली टाकते.

७ नोव्हेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवा आणि पुन्हा तिथे सोडू नका, असा आदेश दिला. आठवड्याच्या आत स्टँडवरून फोन. कंट्रोलर ओळखीचे. "मॅडम, वरून विचारणा होतेय. आमच्याकडे पाच-सहाच आहेत. ती म्हातारी काळी तर तुमचीच ना? घेऊन जा."

पडवीतले दोन पिंजरे गंजून गेलेत, तीन भरलेले होते. तरी गेले. स्कूटी चार वर्षांपूर्वी बदललीय, आवाजही वेगळा. कमानीत वळले तर काळी तीन नंबरच्या फलाटावर उन्हात पसरलेली, तोंड पांढरं झालेलं. तिने एक कान उचलला, खूण असलेला, सावकाश उठली आणि उभ्या असलेल्या बसखाली जाऊन बसली.

ड्रायव्हर चहा पिऊन आला, वाकून खाली पाहिलं आणि मला म्हणाला, "काढता का हिला? गाडीची वेळ झालीय."