एकामागून एक की एकत्र?

गेफिटिनिब या गोळीने सुरुवातीला डॉक्टरांनाच कोड्यात टाकलं होतं. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दहा रुग्णांना ती दिली, तर एखाद-दोघांची गाठ झपाट्याने आटायची आणि बाकीच्यांना काडीचाही उपयोग व्हायचा नाही. केमोसोबत दिली तर सगळ्यांनाच लाभ होईल या आशेने ‘इंटॅक्ट’ नावाच्या दोन चाचण्या झाल्या. प्रत्येकीत हजाराहून अधिक रुग्ण होते. २००४ साली निकाल छापून आले. गोळी जोडल्याने आयुष्य वाढलं नव्हतं.

त्याच वर्षी बोस्टनमधल्या दोन संशोधक गटांना त्या एखाद-दोघांचं रहस्य सापडलं. पेशीच्या आवरणावर ईजीएफआर नावाचं प्रथिन असतं. बाहेरून वाढीचा संकेत आला की ते आत निरोप पोहोचवतं. त्याच्या जनुकात ठरावीक ठिकाणी बिघाड झाला की दारावरची घंटा अडकून बसावी तसं होतं. बाहेर कुणी नसतानाही निरोप जात राहतो आणि पेशी वाढत राहते. गेफिटिनिब नेमकी हीच घंटा बंद करते. ज्यांच्या गाठीत हा बिघाड नाही, त्यांना ती देऊन उपयोग होणार तरी कसा?

म्हणजे ‘इंटॅक्ट’ने प्रश्न बरोबर विचारला होता, पण रुग्ण न निवडता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयपास’ या आशियाई चाचणीने हे पुरतं स्पष्ट केलं. बिघाड असलेल्यांमध्ये गोळी केमोपेक्षा सरस ठरली आणि नसलेल्यांमध्ये केमो गोळीपेक्षा कितीतरी सरस. तेव्हापासून आधी जनुक तपासणी आणि मग औषध, असा क्रम रूढ झाला.

हा बिघाड पाश्चात्त्य देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अॅडिनोकार्सिनोमा या प्रकारात दहा-पंधरा टक्के रुग्णांत सापडतो. भारतात हे प्रमाण सुमारे पाव आहे, पूर्व आशियात त्याहूनही जास्त. यातल्या कितीतरी जणांनी, विशेषतः स्त्रियांनी, आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नसतो. तरी ‘ओढत होता का?’ हा प्रश्न त्यांना नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे विचारतात. खोकला आणि छातीच्या फोटोवरचा डाग पाहून आपल्याकडे आधी टीबीचे उपचार सुरू होतात, त्यात महिने जातात ते वेगळंच.

गोळीने गाठ आटते, पण बहुतेकांत वर्षभराच्या आत-बाहेर ती पुन्हा वाढू लागते. काही पेशी ईजीएफआरमध्येच नवा बदल घडवतात, काही मेट नावाच्या प्रथिनासारखा दुसरा मार्ग धरतात. मुळात गाठीतल्या सगळ्या पेशी एकसारख्या नसतात. म्हणून काही डॉक्टरांचं म्हणणं होतं, की दोन वेगळ्या पद्धतींचे वार सुरुवातीपासूनच करा. इतरांचं म्हणणं असं, की आधी गोळी द्या आणि ती निष्प्रभ ठरली की केमो काढा. रुग्णाला सलाईन, उलट्या, अशक्तपणा आधीच कशाला?

या वादाला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून फार मोलाचं उत्तर मिळालं. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी २०१६ ते २०१८ दरम्यान ईजीएफआर बिघाड असलेले ३५० रुग्ण घेतले. कुणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. अर्ध्यांना फक्त गेफिटिनिब, अर्ध्यांना गेफिटिनिबसोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन ही केमोची औषधं. कार्बोप्लॅटिन चार फेऱ्यांनंतर थांबायचं, पेमेट्रेक्सेड पुढे चालू. आजार न वाढता गेलेला मध्यम काळ नुसत्या गोळीवर ८ महिने होता, एकत्र उपचारावर १६. नुसत्या गोळीच्या गटात आयुर्मानाचा मध्य १७ महिन्यांचा निघाला. दुसऱ्या गटात निम्म्याहून अधिक रुग्ण हयात असल्याने तो मध्य तेव्हा काढताही आला नाही.

मला या चाचणीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती तिने घेतलेले रुग्ण. मेंदूत आजार पसरलेले, दिवसाचा बराच वेळ पडून असणारे, असे लोकही तिच्यात होते. मोठ्या चाचण्या बहुधा धडधाकट रुग्ण निवडतात. आणि ‘नंतर केमो देऊ’ या हिशेबातली चूक नेमकी अशाच रुग्णांत दिसते. आजार उलटला की अनेक जण इतके खचतात की पुढचा उपचार पेलण्याचं बळच उरत नाही. राखून ठेवलेलं औषध वापरायची वेळ येतच नाही.

किंमत अर्थात मोजावी लागली. गंभीर दुष्परिणाम नुसत्या गोळीवर २५ टक्के रुग्णांना झाले, एकत्र उपचारावर ५१ टक्क्यांना. रक्तातल्या पेशी घटणं त्यात मुख्य. जपानच्या ‘एनईजे००९’ चाचणीतही अशीच जोडी वापरली होती. तिथे आजार थोपवण्याचा काळ ११.९ वरून २०.९ महिन्यांवर गेला.

दरम्यान ओसिमर्टिनिब ही नव्या पिढीची गोळी आली. ती मेंदूतही अधिक पोहोचते. ‘फ्लॉरा-२’ चाचणीत ५५७ रुग्णांमध्ये एकटी ओसिमर्टिनिब आणि केमोसह ओसिमर्टिनिब यांची तुलना झाली. आजार थोपवण्याचा मध्यम काळ १६.७ आणि २५.५ महिने, तर २०२५ मध्ये जाहीर झालेलं मध्यम आयुर्मान ३७.६ आणि ४७.५ महिने. ‘मारिपोसा’ चाचणीने केमो बाजूला ठेवून लेझर्टिनिब ही गोळी आणि ईजीएफआर व मेट दोन्ही रोखणारं अॅमिवँटॅमॅब यांची जोडी लावली. तीही ओसिमर्टिनिबपेक्षा सरस ठरली, पण त्वचेचा त्रास आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या.

प्रत्येक जोडी जमतेच असं मात्र नाही. ओसिमर्टिनिबसोबत ड्युरव्हॅल्युमॅब हे रोगप्रतिकारशक्ती चेतवणारं औषध दिलं, तेव्हा फुप्फुसालाच सूज येण्याचं प्रमाण इतकं वाढलं की ‘टॅटन’ चाचणीतली ती शाखा थांबवावी लागली. वेगवेगळी गुणकारी असलेली दोन औषधं एकत्र घातक ठरू शकतात. हे कागदावर मांडून कळत नाही, म्हणूनच माणसांवर इतक्या सावधपणे चाचण्या घ्याव्या लागतात.

आता शोध चाललाय तो दुहेरी उपचाराची गरज नक्की कुणाला आहे याचा. गाठीतून सुटलेले डीएनएचे तुकडे रक्तात सापडतात. ‘फ्लॉरा-२’मध्ये ज्यांच्या रक्तात सुरुवातीलाच असे तुकडे होते त्यांना केमोची जोड ठळकपणे फळली. ज्यांच्या रक्तात ते नव्हते त्यांच्यात फरक थोडाच पडला. रक्त तपासून केमो ठरवता आली, तर काहींचा त्रास टळेल आणि गरज असलेल्यांना ती पहिल्याच दिवशी मिळेल. ओसिमर्टिनिबचा खर्च न झेपणाऱ्या घरांसाठी मात्र आजही जेनेरिक गेफिटिनिब आणि केमोची परळमध्ये पारखलेली जोडी हा खरा, हाताशी असलेला उपचार आहे. पण त्यासाठी बायोप्सीच्या तुकड्याची जनुक तपासणी आधी व्हायला हवी. तिचा अहवाल हाती येईपर्यंत घाईने काही सुरू करावं की थांबावं, हे डॉक्टरांना थेट विचारायला रुग्णाच्या घरच्यांनी अजिबात संकोच करू नये.