एका आज्ञेपुरता अधिकार

लिनक्स ही संगणकप्रणाली एकच यंत्र अनेकांनी वापरावे या विचारातून घडलेली आहे. प्रत्येक वापरकर्त्याला तिच्यात जणू स्वतःची खोली मिळते. प्रणालीच्या मूळ फायलींना हात लावण्याची त्याला मुभा नसते. याला अपवाद ‘रूट’ या प्रशासक-खात्याचा. घरातील सर्व किल्ल्यांचा जुडगा त्याच्याच कमरेला असतो आणि त्याची आज्ञा संगणक सहसा उलट प्रश्न न करता पाळतो.

हा आज्ञाधारकपणा किती महागात पडतो, हे २०११ साली दिसले. ‘बंबलबी’ या मुक्त प्रकल्पाच्या आज्ञावलीत, फायली पुसण्याच्या आज्ञेत, शब्दांमध्ये सोडतात तशी एक मोकळी जागा नको तेथे पडली. पुसायचा होता ‘यूएसआर’ या फोल्डरच्या पोटातील एक लहानसा भाग. त्या जागेमुळे पत्त्याचे दोन तुकडे झाले आणि संगणकाने संपूर्ण ‘यूएसआर’च पुसायला घेतले. संगणकावरील बहुतेक प्रोग्रॅम तेथेच असतात! आज्ञावली रूटच्या अधिकाराने चालत होती. तिला अडवणार कोण? सामान्य वापरकर्त्याच्या हातून हीच चूक झाली असती, तर ‘परवानगी नाही’ एवढेच उत्तर आले असते.

म्हणूनच रूट होऊन वावरण्याऐवजी ‘सुडो’ वापरावा. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो तयार केला. आज्ञेपूर्वी ‘सुडो’ लिहिले, की वापरकर्त्याला स्वतःचाच पासवर्ड विचारला जातो आणि त्या एका आज्ञेपुरता प्रशासकाचा अधिकार मिळतो. कोणी कोणती आज्ञा दिली, याची नोंदही राहते. पासवर्ड लिहिताना पडद्यावर बहुधा काहीच उमटत नाही. कळफलक बिघडला असे नवख्याने समजू नये.

एकदा दिलेला पासवर्ड मात्र काही मिनिटे ग्राह्य धरला जातो. तेवढ्या वेळात कोणी खुर्चीत येऊन बसल्यास त्यालाही तोच अधिकार लाभतो. उठण्यापूर्वी ‘सुडो’पुढे उणे चिन्ह आणि ‘के’ हे अक्षर लिहिले, की ही मुभा संपते.

सुडो कोणी वापरावा, याची यादी ‘सुडोअर्स’ या फाईलमध्ये असते. तिच्यातील बदल ‘व्हिसुडो’ या साधनानेच करावेत, कारण ते चूक आढळल्यास आधी सावध करते. यादी बिघडली तर सुडो बंद पडू शकतो. उबंटूसारख्या प्रणालीत रूटचे खाते मुळात कुलूपबंद असते. तेथे ती यादी सुधारायलाही सुडोच लागतो.