पान आणि वाचक यांच्यामध्ये कोण?

दुर्ग आणि भिलाई या जुळ्या शहरांतील मोहन नगरात माझे मामा राहतात. १९५६ पर्यंत या भागाचीही राजधानी नागपूर होती. त्यामुळे वकिली, रेल्वे, शाळा अशा निमित्तांनी आलेली मराठी घरे येथे जुनीच आहेत. पुढे सोव्हिएत सहकार्याने पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि विदर्भातून आणखी तरुण येत गेले. मामा त्यांच्यापैकी एक. आयुष्यभर कारखान्यात नोकरी केली, आता वय ७२, आणि कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून, म्हणजे १९९५ च्या योजनेतून, मिळणारी लहानशी रक्कम हा त्यांच्या दृष्टीने पैशापेक्षा मानाचा विषय आहे.

गेल्या नोव्हेंबरात मी त्यांच्याकडे होतो. सकाळी सहालाच ते कपडे करून, निवृत्तिवेतनाच्या कागदांची फाइल काखेत घेऊन दारात उभे. ‘‘अरे, तीस तारखेच्या आत हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन बंद होणार आहे,’’ ते म्हणाले. मला आठवत होते, की दाखला त्यांनी फेब्रुवारीतच दिला होता. पण आदल्या रात्री त्यांनी नातवाच्या लॅपटॉपवर भविष्य निर्वाह निधी संघटनेचे पान उघडले होते. पान इंग्रजीत. ब्राउझरच्या उजव्या कडेला एक पट्टी आपोआप उघडली आणि तिने त्या पानाचा सारांश देऊ केला. मामांनी तो हिंदीत मागितला. सारांशात स्वच्छ भाषेत लिहिले होते, की ३० नोव्हेंबर ही अखेरची मुदत आहे.

ही मुदत खोटी नाही. ती केंद्र सरकारी निवृत्तांसाठी आहे. १९९५ च्या योजनेतील निवृत्तांना हा दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्या दिवसापासून तो वर्षभर चालतो. मामांनी उघडलेल्या पानावर नेमके हेच लिहिलेले होते. सारांश करणाऱ्या यंत्राने मात्र बाहेर सर्वत्र आढळणारा नियम उचलून या पानाच्या नावावर खपवला. त्या ब्राउझरचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. ही चूक त्या जातीच्या कोणत्याही यंत्राकडून होऊ शकते.

आम्ही ‘च्वाइस सेंटर’वर गेलो. छत्तीसगडमध्ये नागरी सेवा केंद्राला सारे जण याच नावाने ओळखतात. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, भरती परीक्षांचे अर्ज, सगळे याच टेबलावर. केंद्र चालवणाऱ्या तरुणाने मामांना ‘अंकल, बैठिए’ म्हणून खुर्ची दिली, मूळ पान उघडले, खाली सरकवत नेले आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवले. पाच मिनिटांत प्रश्न मिटला. पण मी त्याच्या पडद्याकडे पाहत होतो. त्याच्याही ब्राउझरच्या कडेला तशीच पट्टी होती. एका मुलीचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज अर्धवट भरलेला, आधार क्रमांक दिसतो आहे, आणि बाजूला ती पट्टी नम्रपणे विचारते आहे, की या पानाबाबत काही मदत हवी का. मी त्याला विचारले, हे तू सुरू केलेस का? तो म्हणाला, ‘‘नहीं सर, अपडेट के साथ आया.’’

ब्राउझर हा जाळ्यावरचा सर्वांत निगर्वी कारागीर. पत्ता सांगावा, त्याने पान आणून द्यावे, जसेच्या तसे. तीस वर्षे आपण त्याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवली. २०२५ या एका वर्षात ही अपेक्षा बदलण्याचा जोरदार प्रयत्न झाला. जुलैत पर्प्लेक्सिटीचा ‘कॉमेट’ आला, त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने ‘एज’मध्ये ‘कोपायलट’ची नवी पद्धत आणली, सप्टेंबरात गूगलने अमेरिकेत ‘क्रोम’मध्ये ‘जेमिनाय’ बसवले, ऑक्टोबरात ओपनएआयचा ‘अ‍ॅटलस’ आला. ऑगस्टमध्ये पर्प्लेक्सिटीने ‘क्रोम’ विकत घेण्यासाठी ३४.५ अब्ज डॉलरची बोली लावली, तेव्हा अनेकांनी ती हसण्यावारी नेली. पण बोलीमागचा हिशेब हसण्यासारखा नव्हता. ज्याच्या हाती ब्राउझर, त्याच्या हाती माणूस काय वाचतो, कुठे थांबतो, काय विकत घेतो याची खिडकी.

या लाटेला ‘नाही’ म्हणणारेही आहेत, आणि त्यांची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही. नॉर्वेतील ‘विवाल्डी’ या छोट्या ब्राउझरचे प्रमुख योन फॉन टेट्झनर यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले, की आम्ही संभाषण करणारा, सारांश काढणारा साहाय्यक ब्राउझरमध्ये घालणार नाही. हे गृहस्थ या धंद्यात नवखे नाहीत. १९९० च्या दशकात ‘ऑपेरा’ ज्यांनी उभा केला त्यांतले ते एक. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की स्वतः शोधत, वाचत जाणाऱ्या माणसाला ही यंत्रे नुसता प्रेक्षक करतात, आणि ज्यांनी ती पाने लिहिली त्यांच्यापर्यंत वाचक पोहोचतच नाही. ‘विवाल्डी’ यंत्रद्वेष्टा नाही, त्यात भाषांतराची सोय आहे. भाषांतर मूळ मजकुराशी ताडून पाहता येते, सारांश मूळ मजकुराची जागाच घेतो; हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरे उदाहरण ‘फायरफॉक्स’चे, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. हा ब्राउझर मराठीत वापरता येतो तो स्वयंसेवकांनी त्याचे शब्द एकेक करून मराठीत आणले म्हणून, त्यामुळे मला त्याच्याविषयी ममत्व आहे हे आधीच कबूल करतो. डिसेंबर २०२५ मध्ये मोझिलाच्या नव्या प्रमुखांनी ‘फायरफॉक्स’ हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा आधुनिक ब्राउझर होईल असे जाहीर केले. त्यांच्या निष्ठावंत वापरकर्त्यांत संताप उसळला. काही दिवसांतच कंपनीला सांगावे लागले, की या साऱ्या सोयी एकदम बंद करणारी कळ आम्ही देऊ. फेब्रुवारी २०२६ मधील १४८ व्या आवृत्तीत ती आली. एकदा दाबली, की आजच्याच नव्हे, पुढे येणाऱ्या सोयीही बंद राहतात. वापरकर्त्यांनी ओरडून मिळवलेली ही सवलत लहान नाही. तरी कळ शोधून बंद करण्याचे काम वापरकर्त्याच्याच माथी आहे. आणि मोहन नगरातला तो केंद्रचालक सेटिंग्जमध्ये जाऊन ती शोधेल, या भरवशावर धोरण उभे राहत नाही.

मोझिला आणखी खंबीर का राहत नाही? उत्तर पैशात आहे. गूगलविरुद्धच्या अमेरिकी मक्तेदारी खटल्यात मे २०२५ मध्ये मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी साक्ष दिली, की कंपनीचे सुमारे ९० टक्के उत्पन्न ‘फायरफॉक्स’मधून येते आणि त्यातील सुमारे ८५ टक्के एकट्या गूगलकडून, शोधयंत्राच्या करारापोटी. ‘विवाल्डी’चीही अडचण आहेच. तो ज्या क्रोमियम या पायावर उभा आहे, तो प्रामुख्याने गूगलचाच. म्हणजे जे विरोध करतात तेही सावकाराच्या वाड्यात भाड्याने राहतात.

भारतात ही लाट फुकट येते आहे, म्हणून ती लक्षात येत नाही. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची सशुल्क सेवा वर्षभर मोफत देऊ केली. ऑक्टोबरअखेरीस जिओने गूगलशी हातमिळवणी करून १८ महिन्यांची भेट जाहीर केली. नोव्हेंबरात ओपनएआयने भारतीयांना आपली एक सेवा वर्षभर फुकट खुली केली. या उदारतेचे कारण आपल्या खिशात नाही, आपल्या संख्येत आहे. आणि आपल्या सवयीत, जी एकदा जडली की सुटत नाही.

धोका चुकीच्या सारांशापुरता असता तर मी हा लेख लिहिला नसता. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘ब्रेव्ह’ या ब्राउझरच्या संशोधकांनी ‘कॉमेट’वर एक प्रयोग करून दाखवला. एका संकेतस्थळावरील प्रतिक्रियेत त्यांनी सूचना लपवून ठेवल्या. वापरकर्त्याने फक्त ‘या पानाचा सारांश दे’ म्हटले आणि साहाय्यकाने त्या छुप्या सूचना मालकाचाच हुकूम समजून पाळल्या. वापरकर्त्याचा ईमेल पत्ता आणि त्याच्या ईमेलमधला ओटीपीसुद्धा बाहेर पोहोचवला. (‘ब्रेव्ह’मध्येही स्वतःचा साहाय्यक आहे, हेही सांगायला हवे.) हा दोष पूर्णपणे दूर होण्याची शक्यता कमी, असे ओपनएआयनेही डिसेंबरात मान्य केले. आता ज्या टेबलावर दिवसभर दुसऱ्यांचे ओटीपी विचारून टंकले जातात, त्या टेबलाचा विचार करा.

सरकारला हे कळत नाही असे नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्येच आपल्या अधिकाऱ्यांना कळवले, की कार्यालयातील संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत, सरकारी कागदपत्रांच्या गोपनीयतेला धोका आहे. शहाणपणाचा निर्णय. मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या त्या मुलीचे कागद कमी गोपनीय कसे? विदा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधने लागू व्हायला आणखी १८ महिन्यांची मुदत. दरम्यानच्या काळात पट्टी उघडीच आहे.

आपण स्वदेशी ब्राउझरची स्पर्धाही घेतली. इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ती २०२३ मध्ये पुकारली, मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि ‘झोहो’ला एक कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळाले. अटींमध्ये भारतीय प्रमाणपत्र यंत्रणेवरील विश्वास होता, डिजिटल स्वाक्षरी होती. नागरी सेवा केंद्रांच्या संगणकांसाठी एक साधी अट आजही घालता येईल: अर्ज भरण्याच्या ब्राउझरमध्ये असा साहाय्यक मुळात बंद असेल आणि सुरू करायचा तर समोर बसलेल्या नागरिकाला विचारून. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

परिपत्रकाचा विषय निघाला म्हणून मामांशी झालेला वाद सांगायला हवा. परतताना मी त्यांना बरेच ऐकवले, की मूळ पान सोडून त्या पट्टीवर विसंबलात कसे. ते शांतपणे म्हणाले, ‘‘मूळ पान मला वाचता येतं का? तुला येतं. मी गणिताचा माणूस, आठवीनंतर इंग्रजी सोडलं. ती पट्टी निदान माझ्याशी हिंदीत बोलली. तुझ्या ऑफिसवाल्यांनी कधी बोलून पाहिलंय?’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि टेट्झनर यांच्याकडेही नसावे. ज्या देशात निवृत्त कामगाराच्या हक्काची सूचना इंग्रजीत, अनेकदा स्कॅन केलेल्या तिरप्या कागदाच्या रूपात प्रसिद्ध होते, तेथे सारांशाचे यंत्र ही चैन नसते. बुडत्याला सापडलेली काडी असते. दृष्टिहीन वाचकांचे म्हणणेही याच दिशेने जाते. म्हणून ‘नाही’ म्हणणाऱ्या ब्राउझरांच्या बाजूने उभे राहताना मला एक अस्वस्थता वाटत राहते. त्यांचा वाचक साक्षर आहे, निवांत आहे आणि बहुधा इंग्रजी जाणणारा आहे. आपल्याकडे मूळ पान वाचण्याचा हक्क मागायचा तर ते पान हिंदीत, मराठीत, छत्तीसगडीत लिहिण्याची मागणी त्याच दमात करावी लागेल. हे काम कोणत्याही ब्राउझर कंपनीचे नाही. ते कार्यालयांचे आहे, आणि त्यांनी ते न केल्यामुळेच ती पट्टी आपल्या घरात इतक्या सहज शिरली.

जाण्यापूर्वी मी नातवाच्या लॅपटॉपवरची पट्टी बंद करून दिली. मामांनी त्या तिसऱ्या परिच्छेदाची छापील प्रत केंद्रावरून पाच रुपयांत आणली होती. तिच्या समासात त्यांनी माझ्याकडून मराठीत अर्थ लिहून घेतला, खाली तारीख घातली आणि ती निवृत्तिवेतनाच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवली. फेब्रुवारीत पुन्हा दाखला द्यायची वेळ आली तेव्हा त्यांचा फोन आला. दाखला दिला होता, काम झाले होते. लॅपटॉप अपडेट झाला आणि ती पट्टी परत आली, एवढेच त्यांना सांगायचे होते.